समुद्रासाठी पंधरा मिनिटं

परभणी,
१८ जानेवारी

आदरणीय नागसेन गुरुजींना, बबिताच्या आणि माझ्या वतीनं सप्रेम जय भीम. (गुडघ्यामुळं हल्ली वाकता येत नाही, तेव्हा हा खुर्चीत बसूनच केलेला आहे, पण मनानं पूर्ण वाकलेलो आहे, हे ध्यानात घ्यावं.)

तुमची तब्येत कशी आहे? जेवणाआधीची साखर किती आली, जेवणानंतरची किती, आणि मधल्या वेळात वहिनींच्या नजरेआड खाल्लेली बालुशाही तुमी डॉक्टरला सांगितली का, हे सविस्तर कळवा. वहिनींच्या कमरेला नव्या पट्ट्यानं उतार आहे का? तुमची नात प्रियदर्शनी अभ्यास करायली का पुस्तकात मोबाइल ठेवून बसायली? आमच्याकडं सगळं ठीक आहे. मागचं पत्र तुमी लाल पेनानं तपासून, दहापैकी साडेचार मार्क देऊन परत पाठवलं, ते मिळालं. या पत्राला मार्क नाही दिले तरी चालतील, पण शेवटपर्यंत वाचा, कारण एक लहानशी गोष्ट सांगायची आहे आणि ती मी शेवटी ठेवली आहे. फोन कामून केला नाही, असं तुमी म्हणाल. दोनदा केला होता. पहिल्या वेळेस तुमी अडतीस मिनिटं बोललात आणि मी फक्त ‘हो’ म्हणालो; दुसऱ्या वेळेस ‘हो’ म्हणायचंबी राहिलं. चाळीस वर्षं वर्गावर शिकवलेल्या माणसाला समोरचा गप्प असण्याची सवय असते, त्यात तुमचा काही दोष नाही. म्हणून हे पत्र गंगाखेडच्या बसमध्ये ओळखीच्या कंडक्टरकडं देऊन पाठवायलो.

तर श्रीलंकेचं. हे सुरू कसं झालं ते तुमाला कुणी नीट सांगितलेलंच नाही, तुमी एकदम मधूनच आत शिरलात (शिरलात ते बरंच केलं म्हणा, पण मधून शिरलात). मी जूनमध्ये रिटायर झालो हे तुमाला माहीत आहे, कारण निरोप समारंभात माझ्यापेक्षा जास्त वेळ तुमीच बोलला होतात. दिवाळीला साक्षी पुण्याहून आली आणि म्हणाली, पप्पा, आता तुमी दोघं कुठंतरी समुद्रावर जाऊन सहा दिवस नुसतं बसा, खर्च माझा. मी म्हणालो, नुसतं बसायला घर आहे की. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज थांबला आणि बबिता म्हणाली, मी जाते. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण एखाद्या गोष्टीला ही बाई पहिल्या दमात तयार झाल्याचं मला आठवत नाही (लग्नालाच तिनं पंधरा दिवस घेतले होते, आणि रोज तुमी, तिचे थोरले भाऊ म्हणून, मला ‘विचार चालू आहे’ असा निरोप धाडायचात). मी आपलं भाकरी करपायच्या वासावरून ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

साक्षी सहज म्हणाली, आई, तू तर दर सहा डिसेंबरला दादरला जायचीस, समुद्र बघितलेलाच असंल ना. तेव्हा बबितानं जे सांगितलं ते मीबी पहिल्यांदाच ऐकलं. ती म्हणाली, सतरा वेळा गेले. सतरा वेळा चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहिले. समुद्र मागंच होता. वास यायचा, आवाज यायचा, वाऱ्यानं पदर उडायचा. पण तोंड रांगेकडं. रांगेतून बाहेर पडलं की पुस्तकांच्या दुकानांकडं, तिथून जेवणाच्या पंगतीकडं आणि तिथून परतीच्या रेल्वेकडं. दुःखाच्या दिवशी काय समुद्र बघायला जायचं असतं का? आणि दुसऱ्या कुठल्या दिवशी आपण मुंबईला गेलोच न्हाई. सतरा वेळा त्याच्याकडं पाठ करून आले, आता एकदा तोंड करून बसायचंय, असं म्हणून ती पुन्हा भाकरी थापायला लागली. गुरुजी, त्यातल्या दहा-बारा वेळांना मी तिच्या शेजारी उभा होतो. मला एकदाबी असं वाटलं नाही की मागं वळून बघावं. त्या दिवशी मला माझी लय शरम वाटली.

साक्षीनं मग श्रीलंकेतलं निगोंबो नावाचं गाव काढलं. विमानतळाच्या जवळ आहे, चढउतार नाही, माझ्या गुडघ्याला सोयीचं. हॉटेलच्या खोलीची खिडकी समुद्रावर उघडते आणि त्या खिडकीचे फोटो बबितानं इतक्यांदा बघितले की मोबाइल मधे बंद पडला. गोवा कामून नको, तर गोव्याला कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच, आणि आईनं पाण्यात पाय घालताना बाजूला ओळखीचं माणूस नको, असं साक्षीचं म्हणणं. (ओळखीच्या माणसांचा विषय पुढं येणारच आहे.) बबितानं बाजारातून मोठ्या काठाची एक टोपी आणली, आणि सवय व्हावी म्हणून ती घालून भांडी घासायला लागली. तिच्या अंगणवाडीतल्या लेकरांनी तिला ओळखलं नाही असं म्हणतात, पण ते तिनंच सांगितलेलं आहे, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं.

मला मात्र समुद्राचं वेगळंच कुतूहल लागलं. चौतीस वर्षं मी कालवा निरीक्षक होतो. पाणी सोडलं की ते कुठवर गेलं, कुठं मुरलं, कुणी रातोरात चारी फोडून आपल्या शेतात वळवलं, हे विचारत हिंडण्यात जन्म गेला. आणि इथं एक असं पाणी की जे रोज दोनदा येतं, दोनदा जातं, कुणी गेट उघडत नाही, कुणी अर्ज देत नाही, कुणाचं भांडण नाही आणि पाळी एकदाबी चुकत नाही. हे चालवतं कोण? चंद्र चालवतो असं पुस्तकात असतं, पण चंद्र हा काही जागेवरचा माणूस नाही. मी स्कूटरवर कृषी विद्यापीठात गेलो. तिथं हवामानाचे एक साहेब भेटले, लय सज्जन माणूस. सोयाबीनच्या किडीचं एक पत्रक होतं, त्याच्या पाठीमागं त्यांनी मला चंद्र, पृथ्वी आणि पाण्याचा फुगवटा काढून दाखवला. मी विचारलं, ओहोटीला जे पाणी जातं ते नेमकं कुणाकडं जातं? ते म्हणाले, दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्याला तेव्हा भरती असते. म्हणजे इकडची पाळी बंद झाली की तिकडची चालू. गुरुजी, हेच एवढं गावाला पटवून देण्यात माझी चौतीस वर्षं गेली. तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. निगोंबोला भरती-ओहोटीत फरक म्हणे जेमतेम दोन फुटांचा. मी बरोबर मोजपट्टी घेणार आहे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. समुद्रावर जाऊन माणसं नेमकं करतात काय? आमच्या शेजारचा परमेश्वर दोनदा कोकणात जाऊन आलाय, त्याला विचारलं. तो म्हणाला, बसलो. मी म्हणालो, मग? तर म्हणे, मग उठलो. मधे काय झालं ते त्याला सांगताच येईना. विचार केला की आपल्या भागात विनाकाम बसलेला माणूस कुणी बघितलाय का? पारावर बसलेला बोलायला बसतो, दवाखान्यात बसलेला नंबर लागायची वाट बघतो, मी कालव्यावर बसायचो तर पाण्याच्या पातळीचं गेज वाचायला. नुसतं बसायचं म्हणजे हात कुठं ठेवायचे हेबी मला माहीत नाही. सहा दिवस हे जमायचं कसं, या फिकिरीनं मी बबिताला म्हणालो, आपण आधी एकदा सराव करून बघू.

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. सरावाला वाळू पाहिजे. परभणीत वाळू बांधकामावर दिसते, पण तिथं बसलं तर मालक हाकलून देतो. म्हणून आमी रेल्वेनं गंगाखेडला आलो आणि परस्पर गोदावरीच्या पात्रात गेलो. (गावात येऊन घरी आलो नाही, याचा वहिनींना राग आला असं कळलं. रास्त आहे. पण घरी आलो असतो तर वहिनींनी धपाट्यांवर बसवलं असतं आणि सराव राहून गेला असता.) जाताना दोन घडीच्या खुर्च्या, एक मोठी छत्री, पाण्याची बाटली आणि माझी जुनी डायरी असं सामान होतं. बबिता टोपी घालून खुर्चीवर बसली, पायातल्या चपला काढून पाय वाळूत घातले आणि नदीकडं बघायला लागली. मी डायरीत वेळ टाकली: अकरा वाजून दहा मिनिटं. मला स्वतःला सात मिनिटांत कंटाळा आला, म्हणून मी पाण्याच्या कडेला काडी रोवून धार मोजायला लागलो. बबिता अकरा पन्नासपर्यंत गप्प होती. चाळीस मिनिटं ही बाई एक शब्द बोलली नाही, आणि चेहरा असा की मला हाक मारायची हिंमत होईना. मी डायरीत फक्त ‘सौ. शांत’ असं लिहिलं.

तेवढ्यात चोरून वाळू न्यायला दोन ट्रॅक्टर पात्रात उतरले. मोठी छत्री, टोपीवाली बाई आणि डायरीत लिहिणारा माणूस बघून ते जागेवरच थांबले, तसेच मागं वळले आणि कुणाला वाटणार नाही एवढ्या वेगानं वर चढून गेले. मी हात हलवला, तर अजून जोरात गेले. अर्ध्या तासानं मोटारसायकलवर तलाठी आले, दत्तराव, तुमचेच विद्यार्थी. त्यांना कुणीतरी फोन केला होता की जिल्ह्याचं पथक पात्रात येऊन बसलंय आणि त्यात एक बाईसाहेब लय कडक दिसतात. बिचारे थर्मासमध्ये चहा आणि बिस्किटाचे दोन पुडे घेऊन आले होते. (चहा चांगला होता, परत भेटले तर माझा निरोप सांगा.) जवळ आल्यावर त्यांनी मला ओळखलं, घाम पुसला आणि विचारलं, साहेब, तुमी इथं काय करायलात? आता मी त्यांना नेमकं काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. ऊन होतं. पण त्यात श्रीलंका हा शब्द होता एवढं नक्की, कारण दत्तराव तिथून निघाले ते सरळ तुमच्या घरी.

पुढचं तुमाला माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं सांगतो. आपल्या माणसाला श्रीलंका म्हटलं की एकच दिसतं, अनुराधपूरचा बोधिवृक्ष. त्यात गैर काहीच नाही. मलाबी तोच दिसतो. तिथं जाऊन कुणी समुद्रावर बसंल हे कुणाच्या स्वप्नातबी येणार नाही. येत्या पौर्णिमेला विहारात या, एवढाच तुमचा निरोप होता. मला वाटलं वंदना असंल. येऊन बघतो तर मंडप, माइक आणि गेटावर बॅनर: ‘श्रीलंका धम्मयात्रेस निघालेले आयुष्मान सिद्धोधन व आयुष्मती बबिता यांचा भव्य सत्कार’. फोटो माझा निवृत्तीचा होता, बाजूला विमान, वर स्तूप. बॅनरच्या खालच्या अंगाला चित्रकारानं चांगलं हातभर निळं पाणी काढलं होतं, पण त्याच्यावर शुभेच्छुकांची एकोणचाळीस नावं छापली होती. बबिता लय वेळ त्याच्याकडं बघत होती. मग माझ्या कानाशी म्हणाली, इथंबी झाकला.

मला शाल घातली, बबिताला साडी दिली आणि तुमी माइकवर जाहीर केलंत की या दोघांना एकटं पाठवणं बरोबर नाही, म्हणून तुमच्यासह एकोणीस उपासक-उपासिका सोबत निघणार. टाळ्या वाजल्या. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो तेव्हा मनात ठरवलं होतं की खरं सांगून टाकायचं. पण समोर भगवानराव बसलेले, वय ऐंशी, दोन्ही हात जोडलेले आणि डोळ्यांत पाणी, की मला येता येणार नाही, पण बोधिवृक्षाचं एक पान आणा. त्या माणसाला मी काय सांगू, की मी पान आणणार नाही, मोजपट्टी घेऊन दोन फूट भरती बघणार आहे? मी बारा मिनिटं संघमित्रेवर बोललो. तिनं बोधिवृक्षाची फांदी इथून तिकडं कशी नेली, ते मीच मला ऐकवत होतो. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. पानांची मागणी आता एकतीसवर गेलेली आहे, आणि गळून पडलेलंच पान घ्यायचं असतं हे मी ऐकून आहे, तेव्हा एकतीस पानं गळेपर्यंत झाडाखाली उभं राहावं लागंल.

घरी येताना रेल्वेत, परभणी जवळ आलं तेव्हा बबिता म्हणाली, संघमित्रा समुद्रावरनंच गेली ना? मी म्हणालो, हो, जहाजानं. ती म्हणाली, मग तिला किती मिनिटं दिली होती? मला प्रश्न कळला नाही. तो दुसऱ्या दिवशी कळला, जेव्हा तुमचं छापील वेळापत्रक आलं.

वेळापत्रक उत्तम आहे, त्याबद्दल वादच नाही. शाळेत तुमी केलेलं वेळापत्रक आठवलं, त्यात लेकरांनी पाणी प्यायचीबी घंटा होती. रोज पहाटे साडेचारला उठणे, पाचला वंदना, साडेपाचला बस. अनुराधपूर, मिहिंतले, कँडी, केलनिया, सगळं आलं. पांढरा पोशाख सक्तीचा. दुपारी बसमध्ये तुमचं प्रवचन, विषय रोज वेगळा. आणि सातव्या दिवशी, अगदी शेवटच्या ओळीत: ‘विमानतळाकडे जाताना निगोंबो येथे समुद्र (धावती भेट), पंधरा मिनिटे, शक्यतो बसमधूनच.’ मी ते बबिताला वाचून दाखवलं. तिनं टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि पीठ मळायला घेतलं. गुरुजी, त्या दिवसापासून टोपी खुंटीलाच आहे. ती रागावली असती तर मी समजून घेतलं असतं. ती रागावलेली नाही. तुमी पाठवलेल्या पांढऱ्या साडीला तिनं फॉल-पिको करून घेतलं, इस्त्री केली, मला म्हणाली, दादाला पोच द्या. तिचं हे असं गप्प राहणं मला सोसत नाही. वाळूवर गप्प बसली होती ते वेगळं होतं, आणि हे वेगळं आहे. बत्तीस वर्षांनी एवढं मला कळतं.

असो. तयारी जोरात आहे. पासपोर्ट आले आहेत. माझ्या पासपोर्टवरचा फोटो कुण्या गुन्ह्यात सापडल्यासारखा आहे, पण साक्षी म्हणते सगळ्यांचाच तसा येतो. गुडघ्याला तेल, पोटाला सुंठ, आणि तिकडं सगळ्यात नारळ घालतात असं ऐकून बबितानं शेंगदाण्याची चटणी दोन डबे केली आहे. बाकी विशेष काही नाही. वेळापत्रकात एक किरकोळ दुरुस्ती सुचवावीशी वाटते: पंधराच्या जागी पंचवीस मिनिटं आणि ‘शक्यतो बसमधूनच’ हे खोडावं. विचार करावा. वहिनींना जय भीम, प्रियदर्शनीला आशीर्वाद, आणि बालुशाही बंद करा.

तुमचा,
सिद्धोधन

ता. क. पंचवीस मिनिटं कमी वाटतात. अर्धा दिवस करता आला तर बघावं. एखाद्या दिवशीचं प्रवचन दोन दिवसांत विभागून घेतलं तर वेळ निघू शकतो.

आणखी ता. क. वर जी लहानशी गोष्ट शेवटी सांगतो म्हणालो होतो ती अशी. साक्षीनं काढलेली आमची तिकिटं आणि खोली फक्त निगोंबोची आहेत आणि ती बदलता येत नाहीत, असं ती म्हणते (बदलता येतात का हे मी विचारलेलं नाही). म्हणजे आमी तुमच्या बसमध्ये नसू. अनुराधपूरला नसू. सहा दिवस आमी खुर्चीवर असू. हे विहारातल्या मंडळींना कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि मला वाटतं ते काम तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. मी सांगायला गेलो तर पुन्हा संघमित्रेवर बोलून येईन. भगवानरावांना एवढं सांगा की त्यांचं पान तुमी आणणार आहात. शाल मी धुवून, घडी करून ठेवली आहे. ती परत करायची असते का ठेवायची असते, हे कळवावं.

दादा, मी बबिता. यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं ते मी वाचलं. एवढी पानं लिहिली, आणि मुद्दा पुन्हा तुझ्याच गळ्यात घातला. तुला दोन गोष्टी खऱ्या सांगते. तलाठ्याला काय बोलले ते यांना चांगलं आठवतं, कारण मी तिथंच होते. त्यानं विचारलं, काय करायलात, तर हे म्हणाले, श्रीलंकेच्या धम्मयात्रेची तयारी. नुसतं बसायला आलोय म्हणायची लाज वाटली यांना. तेव्हा तुझी काही चूक न्हाई, तू ऐकलं तेच केलंस. आणि भगवानरावांकडं मीच परवा जाऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, पोरी, पान नागसेन आणंल, तू मला तिथली चिमूटभर वाळू आण.

आता माझं. मला तुझी पंधरा मिनिटं नकोत, यांची पंचवीस नकोत आणि अर्धा दिवसबी नको. मी विचारायला न्हाई, सांगायला लिहायलेय. मी सहा दिवस बसणार हाय. आमची तारीख तुमच्यानंतर दोन दिवसांनी हाय, म्हणजे तुमची बस शेवटच्या दिवशी निगोंबोवरनं जाईल तेव्हा आमी तिथंच असू.

पहिल्यांदा दादरला नेलंस तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू अठराचा. गर्दीत हरवंल म्हणून तू माझं मनगट असं धरलं होतंस की दोन दिवस वळ होता. मी मागं बघायला लागले की म्हणायचास, समोर बघ. मी लय वर्षं तुझ्यावर मनात रुसून होते. पण परवा त्या वेळापत्रकात ‘शक्यतो बसमधूनच’ वाचलं आणि मला कळलं की तूबी समोरच बघत होतास. आमाला सगळ्यांना सांभाळत, मोजत, रांगेत लावत. तू तर माझ्यापेक्षा जास्त वेळा गेलास. दादा, तू तरी बघितलास का रे?

बस गावात थांबली की तू उतर. बाकीच्यांची पंधरा मिनिटं झाली की त्यांना विमानतळावर जाऊ दे, सगळी मोठी माणसं हाईत, हरवणार न्हाईत. तुझं परतीचं तिकीट साक्षी आमच्याबरोबरचं करून द्यायलीय. पांढरा शर्ट भिजला तर भिजू दे. तुझ्यासाठी रबरी चप्पल आणून ठेवलीय, मापाला आठ नंबर धरलाय. कमी-जास्त असंल तर आताच सांग, दुकानदार आठ दिवसच बदलून देतो.